सरमेची गांठ

गेल्या अंकीं आम्हीं जुन्या पोथ्यांस कसर लागूं नये म्हणून करावयाच्या उपायांविषयीं लिहिलें होतें व उरलेला भाग या अंकीं देण्याचें वचन दिलें होतें. तें वचन एक महिना पुढें ढकलीत आहों. गेल्या चैत्रापासून आमच्या घरांत एक प्रकरण चाललें होतें, त्याचा पहिला टप्पा नुकताच संपला. आमच्या पुष्कळ वाचकांच्या ओटीवर एखादी म्हातारी कुत्री असतेच. तेव्हां पोथ्यांनीं थोडें थांबावें हें बरें.

आमच्या कुत्रीचें नांव आम्हीं सरमा असें ठेविलें. पणींनीं चोरून नेलेल्या गाईंचा माग काढणारी ऋग्वेदांतील सरमा आमच्या मनांत होती. परंतु घरांतील मंडळींनीं पहिल्याच आठवड्यांत तिची "सरी" करून टाकली, आणि आतां सरमा म्हणून हांक मारल्यास ती मानहि वळवीत नाहीं. अकरा वर्षांपूर्वीं आषाढांतल्या एका रात्रीं ती भिजून कुडकुडत आमच्या भोरच्या घराच्या ओटीवर चढली व तेथेंच राहिली. तिची हद्द माजघराच्या उंबरठ्यापर्यंत. ती हद्द तिनें इतकी कांटेकोर पाळली आहे कीं, आमच्या नातवंडांनीं घरांतील कोणताहि नियम तसा पाळल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

चैत्रांत एके दुपारीं आमची धाकटी नात सरीच्या पोटावरच्या गोचिडी वेंचीत बसली होती. ती एकदम म्हणाली, "आजोबा, हिच्या पोटाला सुपारी चिकटली आहे." आम्हीं चष्मा लावून पाहिलें. डाव्या बाजूच्या चौथ्या आंचळाशेजारीं कातडीखालीं एक टणक गांठ लागली. दाबली तरी सरी कण्हली नाहीं. उलट पोट खाजवितो आहे असें समजून तिनें पाय वर केले. आमच्या वहिनी पलीकडे सुपांत वाल निवडीत होत्या. त्या वर न पाहतां म्हणाल्या, "ती माघापासून आहे, भावोजी. तेव्हां वाटाण्याएवढी होती."

"मग बोललां कां नाहीं?"

"त्यांत बोलायचें काय होतें?" असें म्हणून त्यांनीं सूप जरा जोरानें पाखडलें.

या उत्तराचा अर्थ त्या मुलीखेरीज ओटीवरील सर्वांस कळला. आमच्या मातोश्री १९८७ सालीं वारल्या. त्यांच्या छातींत गांठ झाली होती. ती त्यांनीं दोन वर्षें कोणास सांगितली नाहीं. वडिलांस नाहीं, आम्हां मुलांस तर नाहींच. गांठ फुटल्यावर न्हाऊं घालतांना ती थोरल्या सुनेच्या, म्हणजे या वहिनींच्या, दृष्टीस पडली. तेव्हांहि "पुरुषांच्या कानांवर घालशील तर माझी शपथ आहे" असें सांगून त्यांनीं त्यांस गप्प बसविलें. आमच्या कानांवर आलें तेव्हां पुण्याच्या डॉक्टरांनीं नुसती मान हलविली. आम्ही तेव्हां अठ्ठावीस वर्षांचे होतों व वर्गांत संस्कृत शिकवीत होतों. ज्या श्लोकांत स्तन हा शब्द येई, तो श्लोक आम्ही घाईघाईनें ओलांडून पुढें जात असूं. हें येथें प्रथमच लिहीत आहों.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर सरीविषयीं घरांत खल झाला. आमचे थोरले बंधु, ज्यांस सगळा गांव दादा म्हणतो, म्हणाले, "अरे बापू, अकरा वर्षें म्हणजे कुत्र्याचें म्हातारपण. भूल दिली आणि उठलीच नाहीं तर? आहे तितके दिवस सुखानें राहूं दे." आमच्या सौ.चें म्हणणें पडलें कीं, मुक्या जनावरास कापण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? चिरंजीवांनीं पुण्याहून दूरध्वनीवर अगदीं उलट टोक गांठलें: उद्यांच्या उद्यां आणा आणि एका बाजूचीं सगळीं आंचळें काढून टाका. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. आणि आम्हांस मत देण्याचें धैर्य होईना. त्यास एक कारण होतें.

वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याजवळ, आमचें थोडें वडिलोपार्जित शेत आहे. (त्या तालुक्यास आतां राजगड तालुका म्हणतात, आमच्या तोंडीं वेल्हेंच बसलें आहे.) तेथील गोठ्यावर ठकी नांवाची कुत्री असे. २००९ च्या सुमारास तिच्या मागील आंचळाशीं बोराएवढी गांठ दिसली. आम्हीं म्हटलें, असूं दे, म्हातारी आहे. वर्षानें ती लिंबाएवढी झाली, दुसऱ्या वर्षीं नारळाएवढी; चालतांना जमिनीस घांसूं लागली. तेव्हां कोणीतरी डाग देणाऱ्यास आणलें. विळा तापवून त्यानें गांठीवर डाग दिले, आणि तो डाग देत असतांना ठकीचें तोंड आम्हीं स्वतः धरलें होतें. श्रावणांत गांठ फुटली. वेल्ह्याचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस सांगावयास नको कीं, आठआठ दिवस जेथें धोतर वाळत नाहीं तेथें जखम कोठून वाळणार? तिच्यांत किडे पडले. त्यानंतर ती तीन आठवडे जगली व त्या तीन आठवड्यांत आम्ही शेतावर गेलों कीं ती उठून गोठ्याआड जाई. आम्ही तिला कापलें नव्हतें खरें. परंतु आम्हीं कांहींच केलें नाहीं असें म्हणणेंहि खरें नव्हे. दोन वर्षें रोज सकाळीं आम्ही "असूं दे" हाच उपचार करीत होतों.

म्हणून दुसऱ्या दिवशीं मत देण्याऐवजीं आम्हीं सरीस भोरमधील एका तरुण पशुवैद्य बाईंकडे नेलें. त्या एकेकाळच्या आमच्या विद्यार्थिनी. शब्दरूपें पाठ करण्यांत फारशा प्रवीण नव्हत्या. परंतु त्या दिवशीं त्यांनीं आम्हांस ज्या क्रमानें विषय समजावून दिला, तसा क्रम आमच्या शिकविण्यांत सदैव असे असें आम्ही छातीठोकपणें म्हणूं शकत नाहीं.

कुत्रीस छातीपासून जांघेपर्यंत आंचळांच्या बहुधा पांच जोड्या असतात. जिची गर्भाशयाची पिशवी काढलेली नाहीं अशा कुत्रीस उतारवयांत, बहुतकरून नऊ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, या ग्रंथींत गांठी होणें फार सामान्य आहे. न कापलेल्या माद्यांत जीं अर्बुदें होतात त्यांत यांचा क्रम पहिला. मागच्या दोन जोड्यांत ग्रंथींचा भाग अधिक, म्हणून गांठीहि तेथेंच अधिक. अशा गांठींपैकीं ढोबळ मानानें निम्म्या निरुपद्रवी असतात व निम्म्या घातक. आणि घातक असतात त्याहि सगळ्याच दुसरीकडे पसरतात असें नाहीं. "म्हणजे, सर," बाई म्हणाल्या, "छापा कीं कांटा. आणि नाणें कोणत्या बाजूस पडलें आहे हें हाताला लागून मला सांगतां येणार नाहीं, तुम्हांलाहि नाहीं."

त्यांनीं प्रथम विचारलें कीं, सरी शेवटची माजावर केव्हां आली होती? हा प्रश्न आम्हांस अप्रस्तुत वाटला. तसा तो नव्हता. माज संपून दोनएक महिन्यांनीं, गाभण नसतांहि, कित्येक कुत्र्यांच्या आंचळांत दूध उतरतें व गांठाळल्यासारखें लागतें. तें आपोआप ओसरतें. परंतु सरीची गांठ माघापासूनची आणि एकाच ठिकाणची, तेव्हां तो प्रकार नव्हे. मग त्यांनीं गांठींत बारीक सुई घालून कांचेवर थेंबभर द्रव घेतला. त्यावरून एवढें कळलें कीं, तें गळूं नव्हे आणि चरबीची गांठहि नव्हे. घातक कीं निरुपद्रवी हें मात्र आंचळाच्या गांठींत सुईवरून खात्रीनें ठरत नाहीं. त्यासाठीं संपूर्ण गांठच काढून ती रोगनिदानशाळेकडे धाडावी लागते. म्हणजे जो उपचार करावा कीं नाहीं असा आपला प्रश्न, तोच पुष्कळदां निदानाचाहि मार्ग असतो. आम्हांस ही गोष्ट प्रथम कोड्यासारखी वाटली व पुढें तिच्यानेंच बराचसा गोंधळ दूर झाला.

आम्हीं दादांचा आक्षेप त्यांच्यापुढें मांडला. त्या म्हणाल्या, "अकरा हा आकडा मला फारसा उपयोगाचा नाहीं. मला तिच्या मूत्रपिंडाचा, यकृताचा, रक्ताचा आकडा पाहिजे, आणि हृदय ऐकलें पाहिजे. ते बरे असतील तर अकरा वर्षांच्या कुत्रीला भूल देतां येते. ते वाईट असतील तर पांच वर्षांच्या कुत्रीला देतांनाहि मी भिईन." मध्यम बांध्याची अकरा वर्षांची कुत्री म्हणजे माणसाच्या हिशेबीं साठीच्या घरांतली, म्हणजे जवळजवळ आमच्याच वयाची. गेल्या वर्षीं आमच्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढला. तेव्हां "वय झालें, आहे तितकें दिसतें आहे तें सुखानें पाहूं दे" असें घरांत कोणीहि म्हणालें नव्हतें. हें आम्हीं घरीं येऊन दादांस सांगितलें. ते हंसले, पण पटलें असें दिसलें नाहीं.

बाईंनीं गांठ मोजून १.८ सेंटिमीटर लिहिली व दर आठवड्यास मोजण्यास सांगितलें. तीन सेंटिमीटरांच्या आंत असतांना निघालेली गांठ, घातक असली तरीहि, पुढच्या आयुष्याच्या दृष्टीनें पुष्कळ बरी. पांचांच्या पुढें गेली कीं पारडें फिरतें. नातीनें एक वही घातली. तींत तिथि, वार, फूटपट्टीनें घेतलेलें माप आणि "सरी शहाण्यासारखी बसली" किंवा "बसली नाहीं" असा शेरा.

छातीचें क्ष-किरण चित्र घेण्यासाठीं आम्ही सरीस शिरवळला नेलें. भोरकरांचें एक भाग्य असें कीं, नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यांत शिरलें कीं लागलीच शिरवळ, आणि तेथें क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तें १९८८ सालीं निघालें. त्यापूर्वींच्या काळीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें मुंबईचें, परळ येथें १८८६ पासून चालत आलेलें, तेंच उभें राही; कुत्रीच्या गांठीसाठीं भोरहून परळास कोण जाणार?

ही गांठ घातक असल्यास बहुधा जवळच्या लसीकाग्रंथींत व तेथून फुप्फुसांत जाते. म्हणून छातीचीं चित्रें डावी कूस, उजवी कूस व उताणी अशीं तीन बाजूंनीं घेतात. फुप्फुसांत आधींच ठिपके दिसले तर पोटावरची गांठ काढून आयुष्य वाढत नाहीं. मग ती फुटून त्रास देत असेल तरच काढण्याचा विचार. सरीचीं चित्रें स्वच्छ आलीं. अर्थात् अगदीं मोहरीएवढे ठिपके चित्रांत उमटत नाहींत, हेंहि आम्हांस तेथेंच सांगण्यांत आलें.

त्या दिवशीं बाहेर बांकावर खंडाळा तालुक्यांतील एक शेतकरी बसले होते. त्यांची चौदा वर्षांची कुत्री पोत्यावर निजली होती. तिचें मागचें सगळें पोट लालभडक, तापलेलें व फळीसारखें कडक झालें होतें. पंधरा दिवसांत एवढें झालें, असें ते म्हणाले. आम्हांस वाटलें, हिला तर तांतडीनें कापतील. परंतु डॉक्टरांनीं शस्त्रास स्पर्श केला नाहीं. आंचळाच्या कर्करोगाचा हा एक दाहयुक्त प्रकार आहे. त्यांत कातडीखालच्या सूक्ष्म वाहिन्यांत रोग पसरलेला असतो, टांका धरत नाहीं व कापल्यानें दुःखच वाढतें. त्यांनीं वेदनाशामक औषध दिलें आणि शेतकऱ्यास बाजूला नेऊन बराच वेळ सांगितलें. तो गृहस्थ परत आला, पोतें चारी टोंकांनीं उचललें व आम्हांस म्हणाला, "घरींच ठेवतों. दूधभात खाईल तंवर खाईल." त्याचा निर्णय आमच्या दादांच्या मताशीं शब्दशः जुळणारा होता, आणि तो अगदीं बरोबर होता. फरक इतकाच कीं, तो तपासणीनंतर घेतलेला होता.

वेदनाशामकावरून आठवलें. आपल्या औषधांच्या डब्यांतील अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्यास कधींहि देऊं नयेत. आयबुप्रोफेनसारख्या गोळीनें कुत्र्याच्या पोटांत व्रण होतात व मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. माया म्हणून अर्धी गोळी पोळींत घालून देणारे आमच्या ओळखीचे आहेत.

आतां सर्व ठीक आहे, शस्त्रक्रियेचा दिवस ठरवावा, असें आम्ही म्हणतों तों रक्ताचा अहवाल आला. मूत्रपिंड, यकृत उत्तम. परंतु रक्त गोठविणाऱ्या कणिका फार कमी. कारण गोचिडी. गोचिडींच्या चाव्यानें एक प्रकारचा ज्वर होतो, तो आपल्याकडे फार आहे. पुष्कळदां कुत्रें वरून धडधाकट दिसतें व रक्त मात्र आंतून पातळ झालेलें असतें. अशा स्थितींत चिरा दिला असता तर दादांचें भाकीत खरें व्हावयास वेळ लागला नसता. अठ्ठावीस दिवस गोळ्या देऊन मग पुन्हां रक्त तपासावें असें ठरलें.

हे अठ्ठावीस दिवस आम्हांस सर्वांत कठीण गेले. वहीमध्यें १.८ चे १.९ झाले, मग २.१. इकडे गांठ वाढते आहे आणि तिकडे हात बांधलेले. चिरंजीवांचा रोज दूरध्वनि येई कीं, पुण्यास दुसऱ्या कोणास दाखवा. सौ. म्हणत, देवाच्याच मनांत नसेल. एके रात्रीं झोंप येईना म्हणून आम्हीं महाभारताचें आदिपर्व उघडलें. वाचकांस ठाऊक असेल कीं, पांडवांची कथा सुरू होण्यापूर्वीं, जनमेजयाच्या सत्रांत, पहिली फिर्याद येते ती एका कुत्रीची. सरमेच्या पोरानें हविर्द्रव्यास तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंहि नव्हतें. तरी राजाच्या भावांनीं त्यास मारलें. त्याचा अपराध काय, असें ती सभेंत जाऊन विचारते. व्यास लिहितात कीं, त्यांनीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. त्या शांततेवरून आम्हांस वेल्ह्याचा गोठा आठवला आणि पोथी मिटली.

पंधरवड्यानंतर घरांत पुन्हां खल झाला. वाद आतां कापावें कीं नाहीं हा नसून किती कापावें हा होता. चिरंजीवांच्या मतें सबंध बाजू. आम्हीं हें बाईंस विचारलें. त्यांनीं सांगितलें कीं, कुत्र्यांत गांठ चोहोंबाजूंच्या निरोगी मांसासह पूर्ण निघाली असेल तर सबंध रांग काढल्यानें आयुष्य आणखी वाढतें असें दिसून आलेलें नाहीं. राहिलेल्या आंचळांत पुढें नवी गांठ होऊं शकते हें खरें, व तसें पुष्कळदां होतेंहि. परंतु मोठी जखम, अधिक वेळ भूल व अधिक दुखणें यांचा भारहि त्या अकरा वर्षांच्या शरीरावरच पडावयाचा. चौथें व पांचवें आंचळ यांचा लसीकामार्ग जांघेंतील एकाच ग्रंथीकडे जातो, म्हणून तीं दोन व ती ग्रंथि एकत्र काढावीं, असा त्यांनीं मध्यम मार्ग सुचविला. मात्र काढावयाचें तें नि:शेष. अर्धवट काढलेलें अर्बुद पुन्हां वेगानें वाढतें, ही गोष्ट सुश्रुतानें चिकित्सास्थानांत स्पष्ट सांगितली आहे. आम्हीं हें सांगतांच बाई म्हणाल्या, "सर, हें तुम्हीं शाळेंत कधीं सांगितलें नाहीं." खरेंच, सांगितलें नव्हतें.

पिशवीहि त्याच वेळीं काढावी कीं काय हा आणखी एक प्रश्न. तिनें गांठीचा रोग पुढें आटोक्यांत राहतो कीं नाहीं याविषयीं तज्ज्ञांत एकवाक्यता नाहीं. परंतु उतारवयांत कुत्रीच्या पिशवींत पू होण्याचा जो भयंकर विकार, त्याचें मूळ तरी नाहींसें होतें. म्हणून आम्हीं होकार दिला. तसें करावयाचें तर आधीं पिशवी व मग गांठ असा क्रम ठेवतात, नाहींतर गांठींतील पेशी हत्यारांबरोबर पोटांत जाण्याचें भय.

ज्यांच्या घरीं लहान कुत्री आहे त्यांच्यासाठीं येथेंच दोन शब्द. १९६९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें होतें कीं, पहिल्या माजापूर्वींच पिशवी काढलेल्या कुत्रींत आंचळाच्या गांठींचा धोका न काढलेलींच्या अवघा अर्धा टक्का उरतो, एका माजानंतर काढल्यास आठ टक्के, दोन वा अधिक माजांनंतर सव्वीस टक्के. २०१२ सालीं अशा सर्व अभ्यासांची फेरतपासणी झाली, तींत हा पुरावा समजला जातो तितका बळकट नाहीं असें ठरलें. तेव्हां आकड्यांस वेदवाक्य मानूं नये. तथापि लवकर काढण्याचा कल अजूनहि बहुतेक पशुवैद्य देतात. माज टळावा म्हणून कोणी संप्रेरकाचें इंजेक्शन सुचविल्यास मात्र स्वच्छ नाहीं म्हणावें. त्यानें पिशवीचे व आंचळांचे दोन्ही विकार वाढतात. आम्हीं सरीच्या बाबतींत यांतलें कांहींच वेळेवर केलें नव्हतें.

वैशाख संपतांना रक्त पुन्हां तपासलें; कणिका भरून आल्या होत्या. गांठ २.४. पाऊस लागण्यापूर्वीं जखम सुकावी अशी आमची घाई होती. तिचें कारण वर आलेंच आहे. तरीहि आदल्या रात्रीं दादा म्हणाले, "बापू, अजून विचार कर." तेव्हां स्वयंपाकघराच्या दारांतून वहिनी म्हणाल्या, "विचार माघापासून चालला आहे. सासूबाईंचाहि दोन वर्षें चालला होता. उद्यां घेऊन जा, भावोजी." दादांनीं पान लावावयास घेतलें. पुन्हां त्या विषयावर बोलणें झालें नाहीं.

शस्त्रक्रियेविषयीं लिहिण्यासारखें थोडें. दीडएक तास लागला. संध्याकाळीं सरी डोळे किलकिले करून उठली, झोकांड्या खात चार पावलें चालली व आमच्या पायांवर ओकली. सर्व खर्च आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाच्या चतुर्थांशाहून थोडा अधिक झाला. टांके चाटूं नयेत म्हणून गळ्यांत घालण्याचें झालर-नळकांडें मिळालें होतें. परंतु तें घालतांच ती भिंतींवर आपटूं लागली. शेवटीं कोणाची तरी जुनी बंडी तिच्या चारी पायांत घालून पाठीवर बंद बांधले, आणि ती युक्ति साधली.

बाराव्या दिवशीं अहवाल आला. गांठ कर्करोगाचीच होती. परंतु पहिल्या, म्हणजे सौम्य, श्रेणीची, कडा स्वच्छ, जांघेंतील ग्रंथींत कांहीं नाहीं. बाईंनीं तो दोनदां वाचून दाखविला. पुढें औषधांचा मारा नको, दर तीन महिन्यांनीं पोट चांचपून पाहणें व छातीचें चित्र घेणें पुरे, असें त्या म्हणाल्या. सौ.नें देवापुढें साखर ठेविली. आमच्या मनांत मात्र एक हिशेब राहून राहून येत होता: माघांत वाटाणा, चैत्रांत सुपारी. ठकीच्या गांठींतहि कदाचित् हेंच असेल, कदाचित् नसेल. तिची गांठ कोणीं तपासलीच नाहीं.

त्याच रात्रीं वहिनींनीं सूनबाईस माडीवर बोलाविलें. काय बोलणें झालें तें आम्हांस तेव्हां कळलें नाहीं. चार दिवसांनीं त्या दोघी "पुण्यास एका लग्नाच्या खरेदीसाठीं" म्हणून गेल्या व रिकाम्या हातांनीं परत आल्या. महिन्यानें सूनबाई आम्हांस म्हणाली, "मामंजी, काकूंच्या छातीची तपासणी करून आणली. कांहीं नाहीं निघालें. त्यांना कित्येक वर्षें भीति वाटत होती." बहात्तर वर्षांच्या त्या बाईनें ही भीति किती वर्षें निवडटिपण करतां करतां बाळगली असेल, हें आम्हीं विचारलें नाहीं. हें सर्व लिहिण्यापूर्वीं मात्र त्यांची परवानगी घेतली. "लिहा," त्या म्हणाल्या, "पण वालांचें लिहूं नका." तेवढें त्यांचें ऐकलें नाहीं.

गेल्या आठवड्यांत तीन महिन्यांची तपासणी झाली. छाती स्वच्छ आहे. उजवीकडच्या तिसऱ्या आंचळाशीं मुगाएवढें कांहींतरी लागतें असें नातीचें म्हणणें आहे. बाईंस तें अद्याप लागलेलें नाहीं, आम्हांसहि लागत नाहीं. परंतु वहींत तें तिथीसह लिहिलेलें आहे व येत्या पंधरवड्यास पुन्हां पाहावयाचें आहे. सरी सध्यां ओटीवर निजते. टांके निघून फार दिवस झाले, तरी बंडी काढूं लागल्यास ती गुरगुरते. बंडी दादांची आहे, हें आम्हांस धुण्याच्या वेळीं कळलें. त्यांनींच ती त्या दिवशीं कोणास न सांगतां खुंटीवरून काढून दिली होती.